हात कमरेकडे जाऊ नये म्हणून

माझ्या उजव्या कमरेवर, हाडाच्या बोटभर पुढे, जुन्या रुपयाएवढा काळसर डाग आहे. तिथली कातडी जाड झालीय, बोट फिरवलं की कळतं. पोलीस खात्यातून रिटायर होऊन तीन वर्षं होत आली तरी तो गेला नाही. मध्यंतरी कंबरदुखीसाठी फिजिओथेरपीला जात होते तेव्हा तिथल्या मुलीने विचारलं, "काकू, इथे भाजलं होतं का?" म्हटलं, नाही गं, नोकरीचा आहे. वीस-बावीस वर्षं होल्स्टरची, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानाची, क्लिप त्याच जागी टेकत होती.

मागच्या महिन्यात भावाची मुलगी घरी आली. नाशिकच्या अकादमीतून बाहेर पडून पीएसआय म्हणून मुंबईत रुजू झालीय आणि आता तिला सिव्हिलमध्ये, म्हणजे साध्या कपड्यांत, काम करायचंय. जेवताना डाव्या हाताने फोन पुढे सरकवला. "आत्या, यातलं कुठलं घेऊ?" बघते तर होल्स्टरच होल्स्टर. नायलॉनची, चामड्याची, प्लास्टिकची, पोटाला बांधायची, घोट्याला बांधायची, काखेत लटकणारी. काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. आणि प्रत्येक फोटोत पुरुष. उंचापुरा, सपाट पोटाचा, जीन्सला जाड पट्टा लावलेला.

"आधी जेव," म्हटलं. तिला एका वाक्यात सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ती गेल्यावर मात्र दोन दिवस डोक्यात तेच घोळत राहिलं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी चुकत चुकत शिकले, आणि त्यातल्या एक-दोन चुका महागात पडता पडता राहिल्या.

आमच्या वेळी युनिफॉर्मबरोबर मिळायचं ते होल्स्टर तपकिरी चामड्याचं, वर झाकण, झाकणाला पितळी बटण. खाकीवर शोभायचं, वेपन पावसात भिजायचं नाही. पण लपवण्यासाठी ते केलेलंच नव्हतं. सिव्हिलमध्ये आलं की जो तो आपली सोय बघायचा. बरेच पुरुष सहकारी वेपन नुसतं पँटमध्ये खोचायचे आणि वरून बुशशर्ट सोडायचे. पडद्यावर हे झोकात दिसतं. प्रत्यक्षात ते दर दहा पावलांनी खाली सरकतं, घामाने अंगाला चिकटतं, वाकलं की पोटात रुततं, आणि ट्रिगर सताड उघडा राहतो. एका सहकाऱ्याचं रिव्हॉल्व्हर जिना उतरताना पँटच्या पायातून घसरून थेट पायरीवर आदळलेलं मी पाहिलंय. गोळी सुटली नाही. पण त्याच जिन्यावरून दप्तरं घेतलेली दोन मुलं वर येत होती. दगडावर लोखंड आपटल्याचा तो आवाज मला अजून आठवतो.

मी सुरुवातीला पर्समध्ये ठेवायचे. बाईच्या खांद्याला पर्स असतेच, कुणाला संशय यायचं कारण नाही. हा शहाणपणा लेडीज डब्यात उघडा पडला. सकाळची भरलेली गाडी, पाय ठेवायला जागा नाही, आणि आतली एक बाई हात लांब करून म्हणते, "ताई, द्या ती बॅग, वर ठेवते." लोकलमध्ये रोज जाणाऱ्या कुठल्याही बाईला हा हात ठाऊक आहे. गर्दीत तेवढीच माया असते. एका हातातून दुसऱ्या हातात करत बॅग फळीवर जाते आणि उतरताना तशीच परत येते. मी ती बॅग छातीशी घट्ट धरून उभी राहिले. "नको, असू दे." तिने पुन्हा म्हटलं. मी पुन्हा नको म्हटलं. आता आजूबाजूच्या चार बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सहा राऊंड, म्हणजे गोळ्या, भरलेलं पॉइंट 38 चं रिव्हॉल्व्हर त्या बॅगेत, पावडरच्या डबीशेजारी, रुमालात गुंडाळलेलं होतं. कुर्ला ते दादर एवढा वेळ मी श्वास रोखून होते. त्या दिवसापासून पर्समध्ये वेपन ठेवलं नाही. खांद्यावरची वस्तू हिसकावली जाते, विसरते, दुसऱ्याच्या हातात जाते. अंगावरचं अंगावर राहतं.

पण अंगावर ठेवणं म्हणजे काय, ते कळायला अजून एक धडा मिळायचा होता. साल 1997. दादर स्टेशनच्या पुलावर आमची फिल्डिंग, म्हणजे सापळा, लागली होती. साखळीचोरांच्या टोळीतला एक जण येणार अशी पक्की खबर. मी खालच्या फुलवाल्यांकडून घेतलेला गजरा हातात धरून कठड्याला टेकून उभी. तोवर मी बाजारातून एक होल्स्टर आणलं होतं, सगळ्या मापांना चालेल म्हणून विकलेलं, पातळ नायलॉनचं. पट्ट्यावर ते घट्ट बसत नव्हतं, म्हणून मी सारखी कोपराने चाचपत होते. कुर्त्यावरून एकदा तळहात फिरवायचा, दोन मिनिटांनी पुन्हा. आपण असं करतोय हे मला माहीतही नव्हतं. तो माणूस आला, पुलाच्या मध्यावर थबकला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं, त्याची नजर माझ्या हातावर होती. पुढच्या क्षणी तो गर्दीत उलटा फिरला. आमचा एक हवालदार धावला, पण दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला कोण कुणाला पकडणार?

रात्री साहेबांनी मला बाजूला घेतलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्हाला ते टोचत होतं ना? टोचतं तिथे हात जातो. हात गेला की झालं."

आजवर होल्स्टरबद्दल मी जे काही ऐकलं-वाचलं, त्यात याहून मोलाचं दुसरं काही नाही. दुकानदार आधी झटकन कसं निघतं ते दाखवतो. तरुण पोरांनाही तेच बघायचं असतं. माझ्या साऱ्या नोकरीत वेपन काढायची वेळ बोटांवर मोजण्याइतकी आली. बाकीचे हजारो दिवस ते नुसतं कमरेवर होतं. बसताना, उठताना, चहा पिताना, रिक्षात, पंचनाम्याला मांडी घालून लिहिताना. त्या हजारो दिवसांत ते रुतलं नाही, सरकलं नाही, तरच हात त्याच्याकडे जात नाही. जे टोचतं ते माणूस काही दिवसांनी सैल करतो, मग गाडीच्या खणात ठेवतो, मग ड्रॉवरमध्ये. म्हणून आरामाची गोष्ट मी चैनीत धरत नाही.

त्या पुलाच्या प्रसंगानंतर मी धारावीला गेले. ओळखीच्या एका बाईंनी नव्वद फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीतले एक चर्मकार काका सांगितले. माळ्यावर सहा बाय आठची खोली, खाली बायको शेवया वाळत घालत बसलेली. धारावीतल्या बहुतेक टॅनऱ्या, म्हणजे कातडी कमावायचे कारखाने, तोवर बंद झाल्या होत्या. बांद्र्याचा कत्तलखाना 1971 मध्येच देवनारला गेलेला. कातडं चेन्नई-कानपूरहून यायचं आणि इथे कापणं-शिवणं तेवढं उरलं होतं. काका दिवसभर शोरूमसाठी पर्स आणि बेल्ट शिवायचे. मला काय हवंय ते ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, तुम्ही दिवसातून किती वेळा खाली बसता?"

मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

सरकारी वेपन त्यांच्या हातात द्यायचा प्रश्नच नव्हता. मी पुठ्ठ्यावर त्याची रेघ मारून नेली, जाडी फूटपट्टीने मोजून. त्यावरून एका सुताराने सागाचा नग तासून दिला. काकांनी कातडं मात्र शोरूमचं घेतलं नाही. "हे क्रोममध्ये कमावलेलं. मऊ असतं, पर्सला चांगलं, पण लोखंडाशी याचं जमत नाही, गंज धरवतं." त्यांचे कोल्हापूरकडचे मेहुणे चपलांचं काम करायचे. तिकडून बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या जाड कातड्याचा तुकडा आला. काकांनी तो कोमट पाण्यात बुडवला, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग ओलं कातडं त्या सागाच्या नगावर चढवून हाडाच्या पट्टीने दाबायला सुरुवात केली. गोळ्या भरायच्या चाकाचा फुगवटा, ट्रिगरच्या कडीची गोलाई, नळीची कड. सगळं हळूहळू त्या कातड्यातून वर आलं, पाण्याखालचा दगड ओहोटीला दिसायला लागतो तसं. दोन दिवस सावलीत वाळवलं. उन्हात तडकतं म्हणाले. मग कडेला आरीने भोकं पाडून, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया लावून, दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून टाका घालत गेले. "मशीनचा टाका एक तुटला की उसवत जातो. हा तुटला तरी दुसरा धरून राहतो."

तोंडाशी त्यांनी कातड्याची आणखी एक पट्टी आतून-बाहेरून शिवली. ही पट्टी मी तुम्हाला कुठल्याही होल्स्टरवर आधी बघायला सांगेन. वेपन बाहेर असताना तोंड मिटलं, तर परत घालताना दुसऱ्या हाताने ते उघडावं लागतं, म्हणजे स्वतःचंच बोट नळीसमोर येतं. तोंड उघडंच राहिलं पाहिजे. नुसत्या नायलॉनच्या पातळ पिशवीत हे होत नाही, म्हणून ती कितीही स्वस्त आणि हलकी असली तरी मी भाचीला घेऊ देणार नाही. दुसरं म्हणजे ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा, कापडावरून बोटाने दाबलं तरी आतला ट्रिगर हलता कामा नये. तिसरं, मूठ इतकी वर हवी की आत असतानाच तिन्ही बोटं तिच्याभोवती नीट बसावीत. आणि ज्या वेपनचं आहे त्याचंच हवं. सगळ्यांना बसतं ते कुणालाच बसत नाही.

आता बाईच्या अंगाची गोष्ट. यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून सविस्तर लिहिते. पुरुषाची कंबर साधारण सरळ असते. आपली कंबर आत आणि नितंब बाहेर, वर धडही आखूड. पुरुषांसाठी केलेलं होल्स्टर आपण उजव्या कुशीला लावलं, की नितंबाचा उतार त्याचं खालचं टोक बाहेर ढकलतो आणि वरची मूठ थेट बरगड्यांत घुसते. तासाभराने श्वास घ्यायलाही नकोसं होतं. मी पहिले काही महिने हे माझंच अंग चुकीचं असल्यासारखं सोसलं. काकांनी मला समोर उभं करून, हात न लावता, नुसतं बघून सांगितलं, "तुमच्या कमरेला खळगा आहे, तो भरायला हवा." त्यांनी होल्स्टरच्या अंगाकडच्या बाजूला, वरच्या भागात, कातड्याचे दोन तुकडे चिकटवून उशी केली. खळगा भरला, मूठ सरळ झाली. शिवाय जागा कुशीवरून दोन बोटं पुढे, हाडाच्या पुढच्या बाजूला सरकवली. तिथे अंगाचा उतार कमी असतो. माझा डाग आहे तो तिथेच.

पट्ट्याचं महत्त्व होल्स्टरपेक्षा कणभर जास्तच आहे. नाइन एमएमचं आपलं इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातलं पिस्तूल घ्या. मॅगझिनमध्ये तेरा राऊंड भरले की ऐवज किलोच्या आसपास जातो. एक किलो साखरेची पुडी साध्या फॅन्सी पट्ट्याला टांगून दिवसभर चालून बघा. पट्टा वाकतो, होल्स्टर बाहेर झुकतं, आणि मूठ कुर्त्यातून वर येते. नळी लपते, मूठ लपत नाही. रिव्हॉल्व्हरचं चाक जाड म्हणून फुगवटा त्याचा जास्त, पिस्तूल चपटं म्हणून अंगाला लागून बसतं. तरीही दोघांचीही चुगली शेवटी मूठच करते.

आणि सलवारीला तर पट्टाच नाही. नाडीवर किलोभर लोखंड कसं टांगणार? यावर उपाय मला माझ्या बाळंतपणाने सुचवला. आईने सव्वा महिना माझं पोट जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने आवळून बांधलं होतं. काकांनी त्याच रुंदीची, हाताएवढी, दुहेरी कॅनव्हासची पट्टी करून दिली, पुढे दोन पितळी बकलं. ती कुर्त्याच्या आत, नाडीच्या वर, बनियनवरून बांधायची आणि होल्स्टर त्या पट्टीवर. वजन एका बिंदूवर न राहता सगळ्या कमरेवर पसरलं. आता बाजारात पोटाला बांधायची इलॅस्टिकची होल्स्टर मिळतात, भाचीच्या फोनमध्येही होती. विचार चांगला आहे, पण नुसत्या इलॅस्टिकच्या खिशात ट्रिगर झाकला जात नाही. आत कडक कवच शिवलेलं असेल तरच घ्यावं.

मग शिवणाऱ्या बाईंकडून कुर्त्याचा उजवा कट दोन इंच वर घेतला. कारण विचारलं तेव्हा "चालायला बरं पडतं" म्हटलं. डाव्या हाताने पुढचा पदर वर आणि उजवा हात कटातून आत. छापील कापड घ्यायचं, बारीक नक्षीचं. एकरंगी, अंगाला चिकटणाऱ्या कापडावर आतली प्रत्येक कड उमटते. साडीवर मात्र मी वेपन कधीच लावलं नाही. साडीतलं काम असेल तेव्हा बरोबरच्या सहकाऱ्याकडे वेपन असायचं. सगळीकडे मार्ग काढायचाच असा हट्ट धरू नये.

काखेतल्या होल्स्टरला वरून कोट किंवा जॅकेट लागतं. मे महिन्यात भायखळ्याला जॅकेट घालून फिरणारा माणूस वेगळा ओळखावा लागत नाही. घोट्याचंही आपल्याकडे जमत नाही. चाळीत, देवळात, कुणाच्याही घरात आपण चपला काढतो, जमिनीवर बसतो, आणि जुलैत गुडघाभर पाण्यातून चालतो.

पावसाळ्यावर तर वेगळंच लिहायला हवं. मुंबईत जून ते सप्टेंबर कपाटातल्या पट्ट्यांवर, बुटांवर पांढरी बुरशी धरते, ती प्रत्येक घराला माहीत आहे. होल्स्टरही कातडंच. त्यात अंगाचा घाम, घामात मीठ. वेपन रात्रभर कातड्याच्या होल्स्टरमध्ये राहिलं तर सकाळी नळीवर तांबूस ठिपके दिसतात. मी ड्यूटीवरून आले की वेपन जमा करायचं असेल तर जमा, बरोबर असेल तर आधी रिकामं करून, तेलाच्या फडक्याने पुसून कुलपात. होल्स्टर वेगळं, पंख्याखाली उलटं टांगलेलं. सासूबाई सुरुवातीला नाक मुरडायच्या. नंतर त्याच मला आठवण करायच्या, "तुझं ते पाकीट टांगलंस का गं?"

अजून एक गोष्ट आहे, ती बंदोबस्तावरच्या प्रत्येक बाईला पडते. संडास. पट्टा सोडला की होल्स्टर सुटतं. पुरुषांचंही सुटतं, पण आपल्याला दर वेळी सोडावंच लागतं, आणि भारतीय बैठकीच्या संडासात ठेवायला जागा नाही. नळावर टांगलं, खिडकीच्या फळीवर ठेवलं की विसरलं म्हणून समजा. मी एकदा विसरले होते. गणपतीच्या बंदोबस्तात, एका शाळेच्या संडासात, खिडकीत. वीस पावलं गेल्यावर कमरेला हलकं वाटलं आणि अंगावर काटा आला. परत धावत गेले, ते तिथेच होतं. तेव्हापासून नियम केला. होल्स्टरमधून वेपन बाहेर काढायचं नाही, दोन्ही एकत्रच सोडायचं आणि गळ्यातल्या ओढणीच्या गाठीत बांधून छातीशी ठेवायचं. ओढणी विसरून कुणी बाहेर पडत नाही. नायगावला पोलिसात नव्याने आलेल्या मुलींना मी हे दार लावून सांगायचे. त्या आधी लाजायच्या, मग वहीत लिहून घ्यायच्या.

2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून पॉइंट 32 चं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं होतं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. पेपरांत वजनाची चर्चा झाली, दागिन्यांच्या डब्यासारख्या मरून पेटीची झाली. बाईने ते अंगावर कुठे आणि कसं ठेवायचं, याबद्दल त्या वेळी एक ओळही माझ्या वाचनात आली नाही.

आमच्या सोसायटीत एक सराफ आहेत. परवान्याचं वेपन बाळगतात. एका लग्नात त्यांनी सफारीच्या वरून पट्ट्याला लावलेलं पाहून मी त्यांना बाजूला घेतलं. "शेठ, झाका ते." त्यांना वाटलं मी दृष्ट लागेल म्हणून सांगतेय. 2016 च्या शस्त्र नियमांत स्पष्ट लिहिलंय, सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच साधनात, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. म्हणजे लपवणं ही आपल्याकडे हौसेची बाब नाही, कायद्याचीच अपेक्षा आहे. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने तर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली आणि लग्नात-वरातीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही लावले. शेठ ऐकून घेणारे आहेत. पुढच्या आठवड्यात माप घेऊन माझ्यासमोर बसले.

त्यांना मी आणखी एक सांगितलं, तेच भाचीलाही सांगेन. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्याच मुंबईत एका नामवंत अभिनेत्याच्या पायाला पहाटे स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना हातातून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. असे अपघात घेता-ठेवताना होतात. म्हणून दिवसभरात वेपनला जितका कमी हात लागेल तितकं बरं. सकाळी लावायचं, रात्री काढायचं. काढायची घाई एकदा समजू शकते. परत घालायची घाई कधीच करायची नाही. बोट बाहेर, कुर्ता बाजूला, डोळ्यांनी बघायचं, मग सावकाश आत. कुर्त्याची कड किंवा ओढणीचं टोक ट्रिगरच्या कडीत अडकून आत जाऊ शकतं.

काकांचं ते होल्स्टर मी अकरा वर्षं वापरलं. मग एक दिवस परत घालताना तोंडाची कड आत दुमडली. कातडं थकलं होतं, मऊ झालं होतं. पुढच्या वेळी तीच दुमड ट्रिगरवर दाबली गेली असती. त्याच रात्री ते बाजूला ठेवलं. तोवर रिव्हॉल्व्हर जाऊन पिस्तूल आलं होतं. नव्या बनावटीची काही पिस्तुलं, ग्लॉकसारखी, अंगठ्याने लावायची सेफ्टी नसलेली. तिथे तर ट्रिगर झाकणारं कडक कवच हाच मोठा आधार. मी कायडेक्सचं घेतलं. हे प्लास्टिक तापवलं की मऊ पडतं, वेपनच्या आकारावर दाबून गार केलं की तसंच राहतं. घाम पीत नाही, बुरशी नाही, तोंड मिटत नाही. वेपन बसलं की टक् असा आवाज येतो, त्याने खात्री पटते. अंगाला मात्र ते कधी माझं झालं नाही. मे महिन्यात त्याच्या कडेने घामोळं यायचं, बसताना चिमटा बसायचा. कडा काचकागदाने घासून, अंगाकडच्या बाजूला कातड्याचा तुकडा लावून भागवलं. आज कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, बाहेरून कडक, आतून कातड्याचं अस्तर. दोन्हींचं चांगलं त्यात येतं.

काका आता नाहीत. मुलगा लॅपटॉपच्या बॅगा शिवतो, पण वडिलांच्या रापी आणि आरी त्याने जपून ठेवल्यात. भाचीला घेऊन मी त्याच्याकडे गेले. कवच तयार आणलं होतं, तिच्या पिस्तुलाच्या मापाचं. त्याला फक्त तिच्या कमरेचा खळगा भरायचा होता आणि पट्टी करायची होती. त्याने तिला पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या वडिलांचाच. मी भिंतीकडे तोंड केलं, डोळे पुसले.

वेपन लावायच्या आधी पंधरा दिवस तिने सागाचा नग लावायचा, असं मी ठरवलं. तिच्या पिस्तुलाच्या आकाराचा नवा तासून घेतला. लाकूड हलकं पडतं, म्हणून भाऊच्या धक्क्याजवळच्या दुकानातून कोळी लोक जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं आणली, नगाला भोकं पाडून आत बसवली आणि वाण्याच्या काट्यावर तोलून पाहिलं. तो बिचारा बघतच राहिला. मग ते लावून तिला घरभर फिरवलं. उकिडवं बसायला लावलं, फळीवरचा डबा काढायला लावला, शेजारच्या पोराला कडेवर घ्यायला लावलं, पाटावर बसवून जेवायला वाढलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आत्या, डाव्या मांडीला मुंग्या येतात." पट्टी अर्धा इंच वर घेतली. आठव्या दिवशी काही म्हणाली नाही. दहाव्या दिवशीही नाही.

काल सकाळी आम्ही दोघी कुर्ल्याहून दादरला निघालो. तिच्या कमरेला तोच सागाचा नग. मुद्दाम साडेआठची गाडी धरली. मी तिच्या मागे दोन बायका सोडून उभी राहिले आणि तिच्या उजव्या हाताकडे बघत होते. शीवला आणखी गर्दी चढली. तिने कडी धरायला हात वर केला, कुर्ता वर सरकला, फुलाफुलांच्या छापाखाली काही दिसलं नाही. खिडकीजवळच्या बाईने हात लांब केला. "ताई, द्या ती बॅग, वर ठेवते."

भाचीने खांद्यावरची बॅग काढली आणि तिच्या हातात दिली. आत डबा होता, छत्री होती. तिचा उजवा हात परत वर गेला आणि कडीवरच राहिला.